तेरावा इलेक्ट्रॉन

उद्यमबागेत ग्रॅफाइट किलोच्या भावानं मिळतं. वाळूचा मोल्ड तयार झाला की त्याच्या आतल्या अंगाला ग्रॅफाइटचा काळा वॉश मारतात. मग वितळलेलं लोखंड वाळूत शिरत नाही आणि कास्टिंग स्वच्छ सुटतं. फौंड्रीतून घरी परतलेल्या माणसाच्या हाताच्या रेषांत एक रुपेरी काळी झाक राहिलेली असते, ती साबणानंही जात नाही. त्या हातांच्या कमाईवर शिकलेली मुलं माझ्या वर्गात दरवर्षी येतात. शेजारच्या मशीन शॉपमध्ये काळं मॉली ग्रीस असतं, त्यातलं मॉलिब्डेनम डायसल्फाइडही ग्रॅफाइटच्याच जातकुळीतलं. दोघंही निसरडे, आणि दोघांचं कारण एकच. त्यांचे अणू थराथरांनी बसलेले असतात. थराच्या आत बंध अतिशय मजबूत, पण एका थराची दुसऱ्या थराशी ओढ अगदीच क्षीण. बोट फिरवलं की थरावरून थर सरकतो.

मी बेळगावातल्या एका कॉलेजात बीएस्सीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. अशा थरांच्या पदार्थांत इलेक्ट्रॉन आपापसात काय मांडणी करतात, आणि ती मांडणी माणसाला बघता कशी येते, हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे. आमची मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात, घराबाहेर पडली की कानडी बोलतात आणि पुस्तक उघडतात ते इंग्रजी. या विषयावर त्यांना मराठीत वाचायला जवळपास काहीच मिळत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

साध्या प्रकाशानं अणू दिसत नाही. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते आणि अणू तिच्याहून दोन-अडीच हजार पटींनी लहान. इतक्या मोठ्या लाटेला इतक्या लहान वस्तूचा पत्ता लागत नाही. १९८१ साली झुरिचजवळच्या र्‍यूश्लिकोन इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी प्रकाशाचा नादच सोडला. त्यांनी एक धातूची सुई घेतली, तिचं टोक शक्यतो एका अणूवर येऊन संपेल इतकं अणकुचीदार केलं, आणि ते टोक पृष्ठभागापासून नॅनोमीटरहून कमी अंतरावर नेऊन थांबवलं. टेकवलं मात्र नाही. सुई आणि पृष्ठभाग यांत थोडं व्होल्टेज दिलं की मधल्या पोकळीतून इलेक्ट्रॉन पार होतात. आपल्या रोजच्या व्यवहारातल्या नियमांनी ते पार व्हायला नकोत, पण क्वांटम नियमांनी होतात. याला टनेलिंग म्हणतात. प्रवाह अगदी क्षीण असतो, नॅनोअँपिअर किंवा त्याहूनही कमी. पण अंतर एका नॅनोमीटरच्या दहाव्या भागानं वाढलं की हाच प्रवाह साधारण दहा पटींनी घटतो.

सगळं यंत्र या एका उतारावर उभं आहे. प्रवाह इतका झपाट्यानं घटतो म्हणून सुईचा शेवटचा अणूच जवळपास सगळं काम करतो, त्याच्या मागचे अणू लांब पडतात. व्होल्टेज दिल्यावर किंचित लांब-आखूड होणाऱ्या पिएझो सिरॅमिकवर सुई बसवलेली असते. प्रवाह कायम ठेवायचा असा हुकूम सर्किटला दिला की सुई उंचवट्यावर वर उचलली जाते, खळग्यात खाली येते. तिच्या या चढउताराची नोंद ओळीमागून ओळ करत गेलं की पृष्ठभागाचा नकाशा तयार होतो. हाच स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, एसटीएम. त्याचा वैरी म्हणजे थरथर. अणूच्या शंभराव्या भागाइतकं जरी टोक हललं तरी चित्र बिघडतं. बिनिग-रोरर यांच्या सुरुवातीच्या यंत्रात तर सगळा सरंजाम अतिवाहक, म्हणजे विजेचा रोध शून्य झालेल्या, शिशाच्या वाडग्यावर चुंबकानं तरंगत ठेवला होता. १९८६ च्या फिजिक्सच्या नोबेलचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला. उरलेला अर्धा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बनवणाऱ्या एर्न्स्ट रुस्का यांना, आणि त्यांचं काम १९३० च्या दशकातलं! रुस्कांना जवळजवळ आयुष्यभर थांबावं लागलं, या दोघांना पाचच वर्षं.

एसटीएमच्या चित्राला सगळे 'अणूंचा फोटो' म्हणतात. मुलांना मी तिथेच थांबवतो. सुईला अणू जाणवत नाही, तिला जाणवतात ते इलेक्ट्रॉन, आणि तेही आपण निवडलेल्या ऊर्जेचे. व्होल्टेज बदला, त्याच जागेचं वेगळं चित्र येतं. एका दिशेनं व्होल्टेज दिलं तर इलेक्ट्रॉन जिथे बसलेले आहेत त्या जागा उजळतात, उलट दिशेनं दिलं तर जिथे बसायला जागा रिकामी आहे त्या उजळतात. काही पदार्थांत ही दोन चित्रं एकमेकांच्या नेमकी उलट येतात, एकात उजळ ते दुसऱ्यात काळं. अणू तर जागचे हललेले नसतात. म्हणजे सुई नुसता पृष्ठभाग दाखवत नाही, त्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांचा कारभार कसा चाललाय ते दाखवते. माझ्या मते या यंत्राची खरी थोरवी यात आहे.

एसटीएमखाली पृष्ठभाग कोरा लागतो, धूळ नको, ओल नको. ग्रॅफाइटच्या बाबतीत हे सोपं पडतं. चिकटपट्टी लावायची आणि ओढायची, वरचे मळके थर पट्टीबरोबर निघून येतात आणि खाली अणूंइतका सपाट नवा पृष्ठभाग मिळतो. निघालेली पट्टी कचऱ्याच्या डब्यात जायची. मँचेस्टरला आंद्रे गाइम यांच्या प्रयोगशाळेत खारकिव्हहून आलेले एसटीएमचे जाणकार ओलेग श्क्ल्यारेव्स्की होते. त्यांनी अशीच एक टाकाऊ पट्टी गाइम यांना दाखवली. तिच्यावर चिकटलेले पापुद्रे ग्रॅफाइट घासून घासून पातळ केलेल्या कुठल्याही पापुद्र्यापेक्षा कितीतरी पातळ निघाले. त्यातून पुढे कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह आणि गाइम यांनी कार्बनचा एकेरी थर वेगळा केला, त्याचे गुणधर्म मोजले आणि २००४ साली प्रसिद्ध केले. तो ग्राफीन. २०१० चं नोबेल त्याला मिळालं. अणू बघण्यासाठी पृष्ठभाग स्वच्छ ठेवण्याच्या खटाटोपातून जगातला सगळ्यात पातळ पदार्थ हाती लागला, हे सांगताना मला अजूनही भरून येतं.

मुलांना मी हे हातानं करून दाखवतो. ग्रॅफाइटच्या एका चपट्या तुकड्याला पट्टी लावायची, ओढायची, पट्टी स्वतःवरच दुमडायची, पुन्हा उलगडायची. दर वेळी काळा डाग दुप्पट पसरतो आणि फिका होत जातो. चार-पाच घड्यांनंतर तो राखाडी होतो, खिडकीकडे धरला तर काही ठिकाणी उजेड आरपार येतो. त्या फिक्या जागीही शेकडो थर असतात. एका वर्षी एका मुलीचे वडील फीच्या कामासाठी आले होते, ते दारात उभं राहून हे बघत होते. खानापूर तालुक्यातलं गाव, नोकरी उद्यमबागेत मोल्डिंगला. म्हणाले, "हे आमच्या मोल्डला मारतोय तेच की ओ, सर!" तेच होतं. त्यांची मुलगी आज बेंगळुरूला पीएचडी करते आहे, एसटीएमवर. तिचा पदार्थ आहे टँटलम डायसल्फाइड.

या पदार्थावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझा सगळ्यात जास्त जीव त्याच्यात आहे. मधे टँटलमच्या अणूंची एक चादर, खाली-वर गंधकाच्या, असा तीन चादरींचा एक थर. असे थर एकावर एक. यातल्या '१टी' नावाच्या रचनेत थंडी वाढली की एक विलक्षण गोष्ट घडते. टँटलमचे बारा अणू मधल्या तेराव्या अणूकडे सरकतात. किंचितच सरकतात, पण सगळ्या चादरीभर सरकतात, आणि तेरा-तेरा अणूंच्या षट्कोनी चांदण्या तयार होतात. इलेक्ट्रॉनही त्या चांदण्यांच्या मध्याशी गोळा होतात. इलेक्ट्रॉनांची गर्दी आणि विरळी अशी आलटून पालटून जी मांडणी होते तिला चार्ज डेन्सिटी वेव्ह म्हणतात. १९७० च्या दशकाच्या मध्याला बेल प्रयोगशाळेतल्या विल्सन, डिसाल्व्हो आणि महाजन यांनी अशा थरांच्या पदार्थांत इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून तिच्या खुणा ओळखल्या. १९८५ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या कोलमन यांच्या गटानं ती एसटीएमनं थेट दाखवली.

आता हिशेब बघा. टँटलमच्या प्रत्येक अणूकडे या कामासाठी एक इलेक्ट्रॉन, म्हणजे चांदणीकडे तेरा. बारांच्या जोड्या जमतात, तेरावा सुटा राहतो, चांदणीच्या मधोमध. शिकलेल्या नियमांनी असा सुटा इलेक्ट्रॉन असलेला पदार्थ धातू असायला हवा, कारण तो इलेक्ट्रॉन या चांदणीवरून त्या चांदणीवर जाऊ शकतो. पण शेजारच्या चांदणीवर आधीच एक बसलेला आहे आणि दोघांना एकमेकांचं वावडं. एका जागी दोघं आले तर ऊर्जा फार मोजावी लागते. मग सगळेच जागच्या जागी अडकतात आणि धातू व्हायचा तो इन्सुलेटर होतो. नेव्हिल मॉट यांनी मांडलेली ही कल्पना, म्हणून हा मॉट इन्सुलेटर. मॉट यांना १९७७ साली नोबेल मिळालं. अणू तेच, त्यांची संख्या तीच, कुठली भेसळ नाही, तरी वीज वाहायची थांबते. मला यात खोल सौंदर्य दिसतं.

त्या मुलीनं पहिल्यांदा स्वतः घेतलेलं चित्र मला व्हॉट्सअपवर पाठवलं. तपकिरी पार्श्वभूमीवर उजळ गोळ्यांची तिरकी जाळी, दोन गोळ्यांत १.२ नॅनोमीटर अंतर. मोठं करून पाहिलं तर प्रत्येक गोळ्यावर बारीक दाणे, ते वरच्या चादरीतले गंधकाचे अणू. दाण्यांच्या रांगा एका दिशेनं, गोळ्यांच्या रांगा त्यांच्याशी सुमारे १४ अंशांचा कोन करून. हा कोन डावीकडेही पडू शकतो आणि उजवीकडेही, क्रिस्टल दोन्हींतली एक बाजू निवडतो. मी फोन केला तर म्हणाली, "सर, रात्रभर एकाच जागेवर होते. गोळ्यांच्या मधला तो एक बघा, फिका. तिथे काहीतरी बिनसलंय." एका चांदणीत काहीतरी बिनसलंय हे ती मला बेंगळुरूहून बोटानं दाखवत होती. आमच्या पिढीला कॉलेजात क्रिस्टल शिकवला तो वहीच्या चौकटीतल्या ठिपक्यांनी, सगळे ठिपके सारखे.

एसटीएम येण्याआधी पदार्थाबद्दल जे कळायचं ते बहुतेक सगळं सरासरीनं कळायचं. दोन टोकांना तारा जोडा, रोध मोजा, एक आकडा मिळतो. टँटलम डायसल्फाइड थंड करत गेलं तर १८० केल्व्हिनच्या, म्हणजे उणे ९३ अंश सेल्सिअसच्या सुमाराला रोध एकदम साधारण दहापट चढतो. तापवत ३५० केल्व्हिनच्या, ७७ अंशांच्या वर नेलं तर वेगळी अवस्था. या दोहोंच्या मधे काय? बेळगावचा पावसाळा, हिवाळा, उन्हाळा सगळं या मधल्याच पट्ट्यात येतं, म्हणजे आमच्या कॉलेजच्या कपाटात हा क्रिस्टल ठेवला तर तो वर्षभर याच अवस्थेत राहील. रोधाचा आकडा एवढंच सांगतो की हा ना धड धातू, ना धड इन्सुलेटर. १९८९ साली वू आणि लीबर यांनी एसटीएमनं बघितलं तेव्हा कळलं की पदार्थ अर्धवट वगैरे काही नाही. त्यात सात-आठ नॅनोमीटरच्या अंतरानं चांदण्यांची शिस्तीत बसलेली बेटं आहेत आणि बेटांच्या मधे अरुंद पट्टे आहेत जिथे ही शिस्त मोडते. बेटांवर इलेक्ट्रॉन अडकलेले, आणि वहन होतं ते मुख्यतः या मधल्या पट्ट्यांच्या जाळ्यातून. मधला आकडा म्हणून आपण जे वाचत होतो ते दोन अगदी वेगळ्या गोष्टींचं मिश्रण होतं. २०१६ साली तर संशोधकांनी सुईतूनच व्होल्टेजचा एक झटका देऊन थंड इन्सुलेटर अवस्थेत अशी तुकड्यातुकड्यांची धातू अवस्था मुद्दाम लिहून दाखवली.

सरासरीवर मी उगाच राग धरत नाही, तिच्याशिवाय प्रयोगशाळेचा दिवस जात नाही. पण माणसं असोत की इलेक्ट्रॉन, एका मोठ्या क्षेत्राबद्दल एकच आकडा हातात आला की मी आता विचारतो, कुठला? कुठल्या जागेचा?

दोन थर एकमेकांवर किंचित फिरवून ठेवले तर वेगळाच खेळ सुरू होतो. वडगावात यंत्रमागांच्या गल्लीत कुणी झिरझिरीत कापडाची घडी उजेडाकडे धरली की तिच्यावर मोठ्या मोठ्या लाटा दिसतात, कापडात विणलेल्या नसतात तरी. दोन पदरांचे धागे कुठे एकावर एक येतात, कुठे एकमेकांच्या फटीत बसतात, त्याची ती लाट. वरचा पदर एका धाग्याच्या रुंदीइतका सरकवा, अख्खी लाट तिच्या स्वतःच्या रुंदीइतकी सरकते. ग्राफीनच्या दोन थरांत हेच होतं. कार्बनच्या जाळीचं मूळ माप ०.२४६ नॅनोमीटर, पण थर १.१ अंशानं फिरवले तर लाटेचं माप १३ नॅनोमीटरच्या आसपास जातं आणि एका लाटेच्या घरात अकरा हजारांच्या आसपास अणू येतात. बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी २०११ साली गणितानं सांगितलं होतं की या कोनाजवळ इलेक्ट्रॉन जवळजवळ थबकतील. थबकलेले इलेक्ट्रॉन एकमेकांची दखल घेतात. २०१८ साली एमआयटीत पाब्लो हारिलो-हेरेरो यांच्या गटानं दाखवलं की असे दोन थर इन्सुलेटर होतात आणि इलेक्ट्रॉनांची संख्या थोडी बदलली की अतिवाहकही होतात. नुसतं कार्बन, नुसता कोन.

पण या क्षेत्रातलं मला सगळ्यात भिडलेलं काम २०२१ चं आहे. युजीन विग्नर यांनी १९३४ साली लिहून ठेवलं होतं की इलेक्ट्रॉन पुरेसे विरळ केले आणि पुरेसे थंड केले तर ते एकमेकांना दूर ढकलता ढकलता स्वतःचाच क्रिस्टल बनवतील, अणूंच्या क्रिस्टलशी त्याचा संबंध नसेल. अप्रत्यक्ष पुरावे मिळत गेले, पण थेट बघणं अवघड, कारण सुई जवळ नेली की तिचं विद्युत क्षेत्रच त्या नाजूक मांडणीला विस्कटतं. बर्कलीत फेंग वांग आणि मायकल क्रॉमी यांच्या गटानं युक्ती केली. टंगस्टन डायसेलेनाइड आणि टंगस्टन डायसल्फाइड यांच्या थरांवर बोरॉन नायट्राइडचा पातळ थर ठेवला आणि त्याच्यावर ग्राफीनची एक चादर अंथरली. सुई ग्राफीनवर फिरवली. खालच्या इलेक्ट्रॉनांच्या विद्युत क्षेत्राची छाप ग्राफीनवर उमटते, ती वाचायची, खालच्यांना हात लावायचा नाही. खालच्या दोन थरांच्या लाटेतल्या तीन घरांमागे एक इलेक्ट्रॉन असताना त्रिकोणी जाळी दिसली, तीनांमागे दोन असताना मधमाशीच्या पोळ्यासारखी, दोनांमागे एक असताना पट्टे. विग्नर यांचं भाकीत ८७ वर्षांनी चित्रात उतरलं. २०२४ साली प्रिन्स्टनला अली यझदानी यांच्या गटानं दुहेरी ग्राफीनमध्ये, जबर चुंबकीय क्षेत्रात, लाटेच्या आधाराशिवायच असा क्रिस्टल दाखवला. घनता वाढवत नेली तशी जाळी दाट होत गेली आणि पुढे वितळली.

आणि तो बोरॉन नायट्राइड! जगातल्या बहुतेक चांगल्या प्रयोगशाळा त्याचे क्रिस्टल जपानमधल्या त्सुकुबाला वातानाबे आणि तानिगुची या दोघांकडून घेतात. ते प्रचंड दाबाच्या प्रेसमध्ये हे क्रिस्टल वाढवतात. नोबेलच्या बातम्यांत ही नावं फारशी येत नाहीत. आमच्या गावात चांगला मोल्डर किंवा टर्नर म्हणजे काय हे कळणाऱ्या माणसाला या दोघांची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

तेराव्या इलेक्ट्रॉनाची गोष्ट मात्र संपलेली नाही. थरांच्या जोड्या होतात का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत ऐरणीवर आला. वरच्या थरातली चांदणी खालच्या थरातल्या चांदणीच्या बरोबर डोक्यावर येऊन दोघींनी जोडी केली, तर दोन सुटे इलेक्ट्रॉन एकत्र येतात. सम संख्या झाली की मॉट यांची गरजच उरत नाही, पदार्थ साध्या हिशेबानंच इन्सुलेटर होतो. जपानच्या रायकेन या संशोधन संस्थेत बटलर, हानागुरी आणि सहकाऱ्यांनी २०२० साली एकाच क्रिस्टलच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर सुई नेली. क्रिस्टल जोड्यांच्या मधून फुटला की वर अख्खी जोडी राहते, जोडीच्या पोटातून फुटला की वर एकटा थर राहतो. दोन्ही तऱ्हेचे पृष्ठभाग सापडले, एकीकडे ऊर्जेची मोठी गॅप, म्हणजे अडकलेला इलेक्ट्रॉन सुटायला ओलांडावी लागणारी दरी, दुसरीकडे लहान. त्याच वर्षी क्रॉमी यांच्या गटानं टँटलम डायसेलेनाइडचा एकच थर तपासला. तिथे जोडी जमवायला दुसरा थरच नव्हता, तरीही गॅप होती. म्हणजे एकट्या थरात तेरावा खरोखरच अडकतो. वर दुसरा-तिसरा थर चढवला की ही अडवणूक कमजोर होत जाते.

यंदा मी फळ्यावर दोन्ही चित्रं काढली, एकट्या थराचं आणि जोडीचं. वडगावच्या एका मुलानं विचारलं, "तीन थर घेतले तर, सर?" जोड्यांच्या हिशेबानं एक थर सुटा राहतो, आणि सुईला दिसतो तो फक्त सगळ्यात वरचा. वर जोडी आली तर एक गॅप, सुटा आला तर दुसरी, शिवाय खालचं काय चाललंय त्याचा परिणाम वेगळाच. प्रश्न जसाच्या तसा बेंगळुरूला पाठवला. तिनं कळवलं की तीन थरांचं सॅम्पल तयार आहे, पण आधी त्याच्यावरच्या सगळ्या पायऱ्या एकेक करून तपासायला महिना जाईल.